नव्या घरातले पहिले पंधरा दिवस

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपली जुनी माणसे सांगत आली. हल्ली पुष्कळ जण घर बांधण्याऐवजी तयार फ्लॅट किंवा रो-हाऊस विकत घेतात. त्यामुळे वीट-वाळूची दगदग वाचते. पण सामान हलवण्याची आणि घर लावण्याची दगदग कोणाला चुकलेली नाही. आपल्या लातुरात तर मुलांच्या शिकवणीसाठी खेड्यातून येऊन औसा रोड, बार्शी रोड, अंबाजोगाई रोड या बाजूंना घर घेणारे बरेच आहेत. अशा घरांच्या वास्तुशांतीचे पेढे मला नेहमी मिळतात. आणि पेढ्यांपाठोपाठ, आठ-पंधरा दिवसांत, त्याच घरातला एखादा रुग्णही दवाखान्यात येतो.

कोणाला जुलाब लागलेले असतात, कोणाचा दमा उसळलेला असतो, कोणाची कंबर धरलेली असते, तर कोणी आजी न्हाणीघरात घसरलेल्या असतात. शेजारीपाजारी लगेच म्हणतात, “वास्तू लाभली नाही.” वास्तूचा यात काही दोष नसतो. दोष असतो तो घाईचा आणि अव्यवस्थेचा. नव्या जागेत पायाखालची वाट ओळखीची नसते, हाताशी लागणारी वस्तू सापडत नाही, झोप अपुरी असते आणि पाणी कुठून येते याची कोणी चौकशी केलेली नसते. म्हणून आज नव्या घरात पाऊल ठेवताना आरोग्याच्या दृष्टीने काय तयारी करावी, ते क्रमाने पाहू.

मुहूर्त आणि मुक्काम

मुहूर्ताला माझा विरोध नाही. अक्षय्य तृतीया किंवा दसरा साधून कलश जरूर ठेवावा, दूध उतू घालावे. पण त्याच रात्रीपासून मुलाबाळांसह तिथे राहिलेच पाहिजे असे नाही. पूजा मुहूर्तावर करावी आणि मुक्काम घर तयार झाल्यावर हलवावा. राहायला जाण्याआधी चार गोष्टी झाल्याच पाहिजेत. पाण्याची टाकी धुतलेली असावी, विजेचे अर्थिंग तपासलेले असावे, संडास-न्हाणीचे पाणी नीट वाहून जात असावे आणि खिडक्यांना जाळी बसलेली असावी. सोफा, पडदे, शोकेस यांना पुढे वर्षभर वेळ आहे.

औषधांची पिशवी टेम्पोत नको

गेल्या काही वर्षांत मला एकच प्रसंग वेगवेगळ्या घरांत पाहायला मिळाला. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या कुठल्या तरी पोत्यात बांधल्या जातात आणि आठ दिवस ते पोते सापडत नाही. “डॉक्टरसाहेब, भांड्यांची चौदा पोती उघडली, गोळ्या काही हाती लागेनात,” असे एक निवृत्त शिक्षक मला सांगत होते. त्यांचा वरचा रक्तदाब २०० च्या पुढे गेला होता. गोळ्या मिळत नाहीत म्हणून त्यांनी थांबायला नको होते. पण चिठ्ठीही त्याच पिशवीत असल्यामुळे दुकानात जाऊन काय मागायचे तेच त्यांना सांगता येईना.

मिरगीच्या रुग्णाने एखाद-दुसरा दिवस गोळी चुकवली तरी झटका येऊ शकतो. रक्तदाबाची आणि हृदयाची काही औषधे एकाएकी बंद झाली तर त्रास उलटून वाढतो. तेव्हा औषधांची पिशवी घरातल्या एका माणसाने स्वतःच्या खांद्याला अडकवून न्यावी. तिच्यात निदान पंधरा दिवसांची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, जुने कार्डिओग्राम व तपासण्यांचे कागद, मुलांचे लसीकरणाचे कार्ड, चष्मा आणि दम्याचा पंप असावा.

इन्शुलिनचे काय करावे, असे अनेक जण विचारतात. न उघडलेली बाटली २ ते ८ अंश तापमानात ठेवायची असते. वापरात असलेली बाटली मात्र गार जागी साधारण चार आठवडे टिकते. फ्रिज सुरू होईपर्यंत ती प्लॅस्टिकच्या डबीत घालावी आणि ती डबी ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात ठेवावी. बर्फात ठेवू नये. गोठलेले इन्शुलिन निकामी होते. टेम्पोच्या टपावर उन्हात तापलेल्या बाटलीचाही भरवसा धरू नये.

आणखी एक साधी गोष्ट आहे. नव्या वसाहतीत घरांना नंबर नसतात, गल्लीला नाव नसते. मध्यरात्री १०८ नंबरला फोन लावला की पलीकडचा माणूस पत्ता विचारतो आणि घाबरलेल्या घराला तो सांगता येत नाही. पहिल्याच दिवशी एका कागदावर मोठ्या अक्षरात प्लॉट नंबर, जवळचे देऊळ, शाळा किंवा पाण्याची टाकी अशी खूण आणि मुख्य रस्त्यावरून कुठे वळायचे ते लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावे. त्याखाली शेजाऱ्यांचा, डॉक्टरांचा आणि रिक्षावाल्याचा फोन नंबर असावा.

आधी पाणी, मग पडदे

२०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते आपले हे लातूर. पाणी साठवण्याची सवय आपल्या अंगात मुरलेली आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण नव्या घराची जमिनीखालची टाकी आणि गच्चीवरची टाकी ही बांधकाम चालू असताना वापरलेली असते. तिच्या तळाला सिमेंटचा गाळ, वाळू, कधी विडीची थोटके तर कधी मेलेली पालही मी पाहिली आहे. त्या पाण्यात पहिला स्वयंपाक होतो आणि तिसऱ्या दिवशी सगळे घर आजारी पडते.

टाकी पूर्ण रिकामी करून कुंच्याने भिंती व तळ घासावा आणि गाळ बाहेर काढावा. मग टाकी भरून दर १००० लिटरला दीडशे ते दोनशे ग्रॅम ताजी ब्लीचिंग पावडर टाकावी. पावडर आधी बादलीत कालवावी, चोथा खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी टाकीत ओतावे. घरातले सगळे नळ एकदा सोडून हे पाणी पाइपांतही पोहोचू द्यावे. रात्रभर ठेवून सकाळी ते सारे सोडून द्यावे. हे पाणी पिऊ नये. त्यानंतर रोजच्या वापरासाठी दर १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम पावडर पुरते. ती टाकल्यावर अर्धा-पाऊण तासाने पाणी वापरावे.

येथे एक इशारा देतो. फरशीवरचे सिमेंटचे डाग काढायला ॲसिड वापरतात. ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र आली की क्लोरीन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो छातीत गेला तर जीव गुदमरतो. ही दोन कामे एका दिवशी, एका जागी कधीही करू नयेत.

बोअरचे पाणी पिण्यात येणार असेल तर ते सरकारी प्रयोगशाळेतून तपासून घ्यावे. मराठवाड्याच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आढळते. लिटरमागे फ्लोराइड १ मिलिग्रॅमच्या आत असावे, दीडच्या वर तर नकोच. नायट्रेट ४५ मिलिग्रॅमच्या आत असावे. जास्त फ्लोराइडने दात पिवळे-तपकिरी होतात आणि पुढे हाडे, सांधे आखडतात. जास्त नायट्रेट वरच्या दुधावर असलेल्या तान्ह्या बाळाला घातक ठरते. पाणी उकळल्याने जंतू मरतात, पण हे क्षार जात नाहीत. उलट पाणी आटल्यामुळे त्यांचे प्रमाण वाढते. शोषखड्डा किंवा सेप्टिक टँक बोअरपासून निदान पन्नास-साठ फूट लांब आहे की नाही, हे घर घेतानाच विचारावे. शेजाऱ्याचा खड्डाही यात धरावा.

डासांचेही तसेच. डेंग्यूचा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. शेजारच्या अर्धवट बांधकामातले हौद, रंगाचे रिकामे डबे, कुंड्यांखालच्या ताटल्या ही त्याची आवडती ठिकाणे. टाकीचे झाकण घट्ट बसवावे, सेप्टिक टँकच्या हवेच्या पाइपला जाळी बांधावी आणि आठवड्यातून एक दिवस सगळी पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी करावीत. नुसते पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून राहतात.

रंगाचा वास, भिंतीची ओल

ताज्या ऑइलपेंटचा, पॉलिशचा आणि थिनरचा वास काहींना आवडतो. दम्याच्या रुग्णाला तो सोसत नाही. नव्या गिलाव्यात ओल असते. त्यावर कपाट भिंतीला टेकवून ठेवले की मागे बुरशी धरते आणि घरातल्या पोराला महिनाभर खोकला सुटत नाही. रंगकाम संपल्यावर दोन-तीन आठवडे दारे-खिडक्या दिवसभर उघड्या ठेवाव्यात, कपाटे भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. होम करायचा तर गच्चीवर किंवा अंगणात करावा. बंद हॉलमधल्या धुराने दम लागलेल्या रुग्णांना मी वास्तुशांतीच्या दुपारी तपासलेले आहे.

जमिनीवरची झोप

नव्या घरात पहिले काही दिवस पलंग जोडलेले नसतात, म्हणून सारे जण खाली सतरंजीवर झोपतात. आता हे पाहा की नवी वसाहत म्हणजे कालपरवापर्यंतचे शेत. भोवती विटांचे ढीग, फरश्यांचे तुकडे, वाळू, गवत. विंचू-सापांची ती वस्तीच असते.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात पहाटे चारला एका ओळखीच्या घरून फोन आला. “डॉक्टर, बारा वर्षांचा मुलगा आहे, पोटात फार दुखतंय म्हणतो. काल वास्तुशांतीचं जेवण झालं, तेच बाधलं असेल. सोडा देऊ का?” मी विचारले, “खाली झोपला होता का? आणि डोळे नीट उघडतोय का?” आईने दिवा जवळ नेऊन पाहिले. म्हणाली, “झोप येतीय म्हणतो, पापण्या वर होईनात.” मी त्यांना तसेच थेट सरकारी रुग्णालय गाठायला सांगितले आणि तिकडे फोन केला. तो मण्यारीचा दंश होता. अंगावर कुठे सूज नाही, दाताची खूणही नीट दिसत नव्हती. मुलाला श्वासाच्या यंत्रावर ठेवावे लागले, प्रतिविष दिले, आणि सहाव्या दिवशी तो घरी आला. सोडा देऊन सकाळची वाट पाहिली असती तर काय झाले असते, ते सांगायला नको.

मण्यार रात्री हिंडते, अंथरुणात शिरते, आणि तिच्या चाव्याला फारशी वेदना नसते. रात्री खाली झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, पापण्या जड होणे, गिळता न येणे, बोबडे बोलणे यांपैकी काही झाले तर मण्यार चावली असे धरूनच रुग्णालय गाठावे. जखम चिरू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. चावलेला हात किंवा पाय न हलवता रुग्णाला आडवे न्यावे. सापाला शोधत बसण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारही जातींवर एकच प्रतिविष चालते आणि ते सरकारी रुग्णालयात मिळते.

लाल विंचवाचा दंशही हलका समजू नये. दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार पडणे आणि मग दम लागणे ही धोक्याची चिन्हे आहेत. पूर्वी अशा दंशाने पुष्कळ माणसे दगावत. मूळचे जालना जिल्ह्यातले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात महाडकडे काम करताना प्राझोसिन या साध्या गोळीचा उपयोग दाखवून दिला आणि त्याने असंख्य प्राण वाचले. पण गोळी वेळेत मिळाली तरच. हे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते.

म्हणून घरात सगळ्यात आधी जोडायची वस्तू पलंग. तोवर खाली झोपावेच लागले तर मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. दारांच्या फटी बुजवाव्यात, न्हाणीच्या मोरीला जाळी बसवावी, पायताण झटकून घालावे, आणि बांधकामाचा उरलेला माल कुंपणाबाहेर काढावा.

आजी-आजोबांची रात्र

तीस वर्षे जुन्या घरात वावरलेले आजोबा अंधारातही संडासला जाऊन येतात, कारण पायांना वाट पाठ असते. नव्या घरात तेच आजोबा रात्री दोनला उठतात, सवयीने डावीकडे वळतात आणि तिथे भिंत असते. खुब्याचे हाड मोडलेले जे वृद्ध मी पाहिले, त्यांतले कितीतरी राहती जागा बदलल्यावर पडलेले होते. खुबा मोडला की शस्त्रक्रिया, अंथरूण, छातीत कफ असे एकातून दुसरे सुरू होते, आणि कित्येकदा माणूस पुन्हा आपल्या पायावर हिंडत नाही.

खर्च थोडा आहे. त्यांची खाट संडासाच्या सर्वांत जवळच्या खोलीत ठेवावी. उशाशी दिव्याचे बटन असावे आणि वाटेत रात्रभर छोटा दिवा जळता ठेवावा. संडास-न्हाणीत गुळगुळीत फरशी नको. असलीच तर खडबडीत पट्ट्या चिकटवाव्यात. कमोडजवळ व नळाजवळ भिंतीला पक्का दांडा बसवावा. वाटेत पोती, वायर, सतरंजीची दुमडलेली कड नसावी. शक्य असेल तर मुक्कामाआधी दोन-तीनदा त्यांना दिवसा घर दाखवून आणावे. “आबा, इकडून असं जायचं,” म्हणत हात धरून वाट पाठ करून द्यावी.

काही वृद्ध नव्या जागेत गोंधळतात. “मला घरी घेऊन चला,” म्हणत राहतात. अशा वेळी त्यांच्यावर चिडू नये. त्यांची जुनी खुर्ची, जुनी रजई, देवांच्या तसबिरी आधी लावाव्यात. मात्र गोंधळ एकाएकी आणि फार असेल तर ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, साखर कमी होणे किंवा अंगातले मीठ घटणे यांची तपासणी करून घ्यावी.

माळ्याबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट या जिल्ह्याने पाहिली आहे. झोपण्याच्या जागेवर जड पेट्या, पाटे-वरवंटे ठेवू नयेत आणि उंच कपाटे भिंतीला ठोकून घ्यावीत.

पोरे, बाटल्या आणि गॅस

लहान मुलांसाठी तीन गोष्टी तपासाव्यात. जमिनीखालच्या टाकीच्या झाकणाला कुलूप आहे का? गच्चीचा आणि गॅलरीचा कठडा मुलाच्या डोक्याच्या वर जातो का? ॲसिड, फिनेल, थिनर या वस्तू सरबताच्या रिकाम्या बाटल्यांत तर भरून ठेवल्या नाहीत ना? मुलाने यांपैकी काही प्यायले तर बोट घालून उलटी करवू नये. बाटली बरोबर घेऊन रुग्णालयात जावे.

गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. घर बदलताना ती तारीख पाहावी. वास आला तर दिव्याचे बटन दाबू नये. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन १९०६ या नंबरवर कळवावे. गॅसचा गिझर न्हाणीघरात मुळीच बसवू नये. बंद न्हाणीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला रंग नाही, वास नाही, माणूस आंघोळ करताकरता बेशुद्ध पडतो. गिझर बाहेर मोकळ्या हवेत असावा. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरची गळती-संरक्षक कळ बसवून घ्यावी आणि तिचे चाचणीचे बटन महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

कंबरेसाठी एवढेच लक्षात ठेवावे, की ओझे उचलताना गुडघे वाकवावेत, वस्तू छातीशी धरावी आणि कंबरेतून पिळवटू नये. कपाट व फ्रिज हमालांना उचलू द्यावेत. हमालीचे पैसे वाचवून मणक्याची तपासणी करवून घेण्यात हिशेब बसत नाही.

कात्रण काढून ठेवा

जाण्यापूर्वी: टाकी धुणे, पाण्याची तपासणी, अर्थिंग, जाळ्या, न्हाणीतला दांडा, बांधकामाचा माल हटवणे.

पहिला दिवस: औषधांची पिशवी हाताशी, पत्त्याचा कागद दाराला, आजी-आजोबांची खाट, रात्रीचा दिवा, मच्छरदाणी.

पहिला आठवडा: सगळे पलंग जोडणे, गॅसची नळी व गिझर तपासणे, बाटल्या कुलपात, टाकीच्या झाकणाला कुलूप, कोरडा दिवस.

पंधरा दिवसांनी: घरातल्या मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांची एकदा तपासणी. दगदगीत दोन्ही वाढतात.

उरलेली पोती सावकाश उघडा. त्यांत औषध नसेल तर घाई कशाचीच नाही.